भूकंपाच्या लाटेपासून मोबाइलच्या गाळणीपर्यंत

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ग्रामसेवक मोबाइलवरून तालुक्याच्या गावाशी बोलत असतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत कोणी सातबाराचा उतारा मोबाइलवर पाहत असतो, चावडीसमोरच्या दुकानात रेडिओ चालू असतो आणि गावावरून जाणाऱ्या विमानाचा चालक विमानतळाशी संपर्क साधीत असतो. हे सर्व संदेश एकाच आकाशातून आणि एकाच वेळी प्रवास करीत असतात. मोबाइलच्या अँटेनावर ते सारेच येऊन आदळतात. त्यांतील हवा तेवढाच संदेश आत घेऊन बाकीच्यांना बाहेर ठेवण्याची व्यवस्था नसेल, तर कानावर शब्दांऐवजी केवळ खरखर पडेल.

अडचण एवढ्यावरच संपत नाही. अनेक कंप्रतापट्ट्यांत मोबाइल एकाच वेळी संदेश पाठवीतही असतो आणि स्वीकारीतही असतो. त्याने पाठविलेला संदेश दूरच्या मनोऱ्याकडून येणाऱ्या संदेशापेक्षा कोट्यवधी पटींनी प्रबळ असतो. ढोल वाजविणाऱ्याने ढोल न थांबविता शेजाऱ्याची कुजबुज ऐकावी, असेच हे काम आहे.

हे काम पार पाडणारी वस्तू तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असते. तो असतो स्फटिकाचा एक तुकडा. त्याच्या पृष्ठावर धातूची अतिसूक्ष्म बोटे बसविलेली असतात. हा स्फटिक विद्युत संदेशाचे रूपांतर ध्वनीत करतो, तो ध्वनी आपल्या पाठीवरून काही अंतर चालवितो आणि निवड झाल्यावर त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. या ध्वनीला पृष्ठध्वनितरंग असे म्हणतात. त्याची कथा विजेपासून नव्हे, तर भूकंपापासून सुरू होते.

जमिनीच्या पाठीवरून धावणारी लाट

१८८५ साली लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे असे दाखवून दिले की, घन पदार्थाच्या पृष्ठालगत एक स्वतंत्र तरंग धावू शकतो. हा तरंग खोलवर शिरत नाही. पृष्ठापासून सुमारे एका तरंगलांबीइतक्या खोलीतच त्याची बहुतेक ऊर्जा सामावलेली असते. भूकंपात अशा तरंगांचा मोठा वाटा असावा, असे मतही रॅले यांनी त्याच वेळी व्यक्त केले होते. या अनुमानाच्या पडताळणीशी भारताचा निकटचा संबंध आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे आर. डी. ओल्डहॅम यांनी केला. दूरदूरच्या भूकंपमापकांवर उमटलेल्या नोंदींमध्ये तीन प्रकारचे तरंग त्यांना वेगवेगळे ओळखता आले. त्यांपैकी दोन पृथ्वीच्या पोटातून आलेले होते आणि तिसरा पृष्ठावरून आलेला होता.

पोटातून जाणारा तरंग सर्व दिशांनी पसरतो, त्यामुळे तो लवकर विरळ होतो. पृष्ठतरंग केवळ पृष्ठावरच पसरत असल्याने अंतराबरोबर त्याचा जोर तुलनेने सावकाश कमी होतो. कोयनानगर येथे १९६७ मध्ये व किल्लारी येथे १९९३ मध्ये झालेल्या भूकंपांच्या आठवणी महाराष्ट्रात अजून ताज्या आहेत. भूकंपाची लाट म्हणजे काय, हे या भागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९११ साली ए. ई. एच. लव्ह या दुसऱ्या ब्रिटिश गणितज्ञाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. जमिनीला आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे हलविणारे तरंगही भूकंपात आढळतात. रॅले यांच्या सिद्धांताने त्यांचा उलगडा होत नव्हता. लव्ह यांनी असे दाखविले की, कठीण खडकावर तरंगाला मंदावणारा थर पसरलेला असेल, तर असा आडवा तरंग त्या थरात अडकून राहतो आणि त्याच्याच आधाराने दूरवर जातो. वरचा थर नसता, तर तोच तरंग खडकात खोलवर उतरून नाहीसा झाला असता.

मंद थर तरंगाला का धरून ठेवतो, हे समजण्यास बैलगाडीचे उदाहरण पुरेसे आहे. गाडीचे एक चाक चिखलात व दुसरे पक्क्या रस्त्यावर असेल, तर चिखलातील चाक मागे राहते आणि गाडी चिखलाच्या बाजूस वळते. तरंगाचेही तसेच होते. ज्या बाजूस त्याची गती मंद होते, त्या बाजूस तो झुकतो. मंद थर पृष्ठावर असल्यास खाली जाऊ पाहणारा तरंग पुनःपुन्हा वर वळविला जातो. मोबाइलमधील जाड धातूच्या बोटांचे कार्य समजण्यासाठी एवढा एकच नियम ध्यानात ठेवावयाचा आहे.

स्फटिक आणि वीज

पृष्ठतरंगांच्या या ज्ञानाचा उपयोग दूरसंचारासाठी करावयाचा, तर विजेपासून ध्वनी व ध्वनीपासून वीज निर्माण करण्याचे साधन हवे. असे साधन रॅले यांच्या संशोधनापूर्वीच सापडलेले होते. १८८० मध्ये पिएर व झाक क्युरी या फ्रेंच बंधूंनी असे पाहिले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार निर्माण होतो. याला दाबविद्युत असे नाव मिळाले. उलटपक्षी, अशा स्फटिकाला वीज पुरविली असता तो किंचित आकुंचन किंवा प्रसरण पावतो, हेही पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. स्वयंपाकघरात गॅस पेटविण्यासाठी खटका दाबून ठिणगी पाडणारे जे साधन असते, त्यापैकी अनेकांत हाच गुणधर्म वापरलेला असतो. क्वार्ट्झच्या घड्याळातील स्फटिकही वीज मिळताच सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते.

१९६५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत आर. एम. व्हाइट व एफ. डब्ल्यू. व्होल्टमर यांनी या दोन्ही ज्ञानशाखांचा मिलाफ घडवून आणला. दोन फण्या समोरासमोर धरून एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये, परंतु एकमेकांना स्पर्श न करता बसवाव्यात, अशी धातूच्या पातळ पट्ट्यांची रचना त्यांनी स्फटिकावर केली. या पट्ट्या म्हणजेच विद्युत अग्रे किंवा इलेक्ट्रोड होत. एका फणीला धन व दुसरीला ऋण वीज मिळाली की दातांमधील स्फटिक ताणला व दाबला जातो. विजेची दिशा सतत बदलत राहिल्यास पृष्ठावर लाटा उठतात. काही अंतरावर फण्यांची दुसरी जोडी बसविली, तर ती या लाटा टिपून त्यांची पुन्हा वीज बनविते.

निवडीचे मर्म दातांमधील अंतरात आहे. एका दातापासून उठलेली लाट पुढील दातापाशी पोहोचते, नेमक्या त्याच क्षणी तेथेही लाट उठत असेल, तर दोन्ही लाटा एकमेकींना बळ देतात. वेळ जुळली नाही, तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. झोका देणाऱ्याने योग्य वेळी हात लावला तर झोका चढतो, अवेळी लावला तर मंदावतो, त्याचाच हा प्रकार आहे. याप्रमाणे फणी ज्या कंप्रतेसाठी आखलेली असते, त्या कंप्रतेच्या आसपासचे संदेशच पुढे जातात. कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या होय.

शिक्षकांना वर्गात करून दाखविता येईल असे एक साधे गणित येथे देता येईल. लिथियम नायोबेट या स्फटिकावर पृष्ठतरंग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर धावतो. ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपने, अशी मोबाइलची कंप्रता घेतली, तर गतीला कंप्रतेने भागून तरंगलांबी सुमारे ४.४ मायक्रॉन येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच कंप्रतेच्या रेडिओतरंगाची हवेतील लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. विजेला ध्वनीचे रूप देताच तरंग सुमारे ७५ हजार पटींनी आखूड होतो. म्हणूनच एरवी मोठ्या पेटीत मावणारी गाळणी दाण्याएवढ्या तुकड्यात मावते. फणीच्या प्रत्येक दाताची रुंदी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे एका मायक्रॉनच्या आसपास असते.

हे तंत्र प्रथम मोठ्या प्रमाणावर दूरचित्रवाणी संचांत वापरात आले. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. चित्र व आवाज यांना शेजारच्या वाहिनीपासून अलग ठेवण्यासाठी रंगीत संचांत असे स्फटिक बसविले जात. तेथे कंप्रता ३९ मेगाहर्ट्झच्या आसपास असल्याने फणीचे दात सुमारे २५ मायक्रॉन रुंद असले तरी चालत. मोबाइलने ही मर्यादा कितीतरी सूक्ष्म केली.

दोष मानलेले वजन

प्रारंभीच्या काळात धातूच्या पट्ट्या शक्य तितक्या पातळ व हलक्या ठेवण्याकडे कल होता. त्यासाठी ॲल्युमिनियम वापरले जाई. पट्टीला वजन असते, त्या वजनाने लाट मंदावते व तिचा काही भाग मागे परततो. हे परावर्तन दूरचित्रवाणीच्या चित्रात दुबार छाया उमटवी. म्हणून प्रत्येक दात दोन अरुंद भागांत विभागून परावर्तने परस्परांत विरून जातील अशी योजना करावी लागे. धातूचे वजन हा एक दोषच समजला जात होता.

१९७० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एरिक ॲश यांनी या परावर्तनांचाच उपयोग करावा, अशी कल्पना मांडली. पट्ट्यांच्या दोन रांगा दोन आरशांप्रमाणे समोरासमोर ठेवल्यास लाट मधल्या जागेत पुढे-मागे फिरत राहते आणि एकाच कंप्रतेला प्रबळ होते. दोषाचा गुण होण्याची ही पहिली पायरी होती.

दुसरी पायरी गळतीच्या प्रश्नातून आली. १९७२ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील यामानोउची व शिबायामा यांनी लिथियम नायोबेटवरील एका निराळ्या पृष्ठतरंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा तरंग मुख्यतः आडवे कंपन करणारा, अधिक वेगवान आणि विजेशी अधिक घट्ट जोडलेला होता. विजेशी जोड घट्ट असेल, तर गाळणीला अधिक रुंद पट्टा सामावून घेता येतो व संदेशातील शक्ती कमी वाया जाते. परंतु या तरंगाला एक खोड होती. पुढे जाताना तो आपली ऊर्जा स्फटिकाच्या खोल भागात सतत गळू देई.

या गळतीचे कारण वेगात आहे. तलावात जोराने चाललेली होडी मागे लाटांची रेघ सोडीत जाते आणि त्या लाटांबरोबर तिची शक्ती खर्ची पडते. तीच होडी अगदी मंद गतीने सरकली, तर पाणी जवळजवळ स्वस्थ राहते. स्फटिकाच्या पोटातून जाणाऱ्या सर्वांत मंद तरंगापेक्षा पृष्ठावरील तरंग अधिक वेगाने धावत असेल, तर तो पोटात लाटा उठवीत जातो आणि क्षीण होतो. त्याचा वेग त्या मर्यादेखाली आणला, तर ही गळती थांबते.

वेग कमी कसा करावयाचा, याचे उत्तर लव्ह यांच्या १९११ च्या सिद्धांतात होते. कठीण पायावर मंद थर पसरावा. स्फटिकाच्या पृष्ठावर असा थर म्हणून धातूची बोटेच वापरता येतात. मात्र ती जड आणि पुरेशी जाड हवीत. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट आहे, तांब्याची सुमारे ९ पट, तर सोने व टंगस्टन यांची १९ पटींहून अधिक आहे. तांबे, सोने, प्लॅटिनम किंवा टंगस्टन यांची योग्य जाडीची बोटे बसविली की त्यांच्या ओझ्याने तरंग मंदावतो, गळतीच्या मर्यादेखाली येतो आणि पृष्ठाशीच बांधला जातो. भूकंपातील लव्ह-तरंगच येथे लहान रूपात अवतरतो. जाडी हा शब्द येथे सापेक्ष आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ‘जाड’ म्हणजे तरंगलांबीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके. ९०० मेगाहर्ट्झच्या गाळणीत ते अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी भरते.

थर सलग असण्याचीही आवश्यकता नसते. १९७६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बी. ए. ऑल्ड व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, पृष्ठावर समान अंतरावर खाचा असल्या तरीही आडवा तरंग मंदावून पृष्ठाशी बांधला जातो. धातूच्या बोटांची रांग ही अशीच समान अंतरावरील रचना असल्याने एकाच रचनेकडून तीन कामे करून घेता येतात. बोटे वीज पुरवितात, लाट परतवितात आणि तिला मार्गावर धरूनही ठेवतात. २००१ मध्ये फ्रान्समधील बेझाँसाँ येथील संशोधकांनी रुंदीपेक्षा उंची अधिक असलेल्या बोटांचा विचार केला. अशी उंच बोटे शेतातील ताटांप्रमाणे स्वतःच डोलू लागतात. तरंगाची बरीच ऊर्जा त्या बोटांतच साठते आणि त्याचा वेग फार कमी होतो. २००६ मध्ये तेथे हे प्रयोगानेही दाखविण्यात आले. वेग कमी म्हणजे तरंगलांबी कमी, आणि तरंगलांबी कमी म्हणजे त्याच कंप्रतेसाठी स्फटिकाचा तुकडाही लहान लागतो.

उन्हाळा आणि गाळणी

जड बोटांनी गळतीचा प्रश्न सुटला, तरी उष्णतेचा प्रश्न राहतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने तो केवळ पुस्तकी नाही. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात ठेवलेला किंवा दीर्घकाळ वापरात असलेला मोबाइल त्याहूनही अधिक तापतो. स्फटिक तापला की तो किंचित मऊ होतो, तरंगाची गती घटते आणि गाळणीची कंप्रता खाली सरकते. लिथियम नायोबेटच्या नेहमीच्या रचनेत हा फरक दर अंशाला दहा लाखांत सुमारे ७५ भाग इतका असतो. तापमान ४० अंशांनी वाढल्यास ९०० मेगाहर्ट्झला सुमारे २.७ मेगाहर्ट्झचा फरक पडतो. पाठविण्याचा पट्टा व स्वीकारण्याचा पट्टा यांमधील मोकळी जागा काही ठिकाणी १० मेगाहर्ट्झच असते. कारखान्यात निर्मितीच्या वेळी राहणारी तफावत व गाळणीच्या कडांचा उतार यांनी त्यातील बराच भाग आधीच व्यापलेला असतो. अशा स्थितीत एवढे सरकणेही संभाषण तुटण्यास किंवा विजेरी लवकर संपण्यास पुरेसे ठरते.

यावरील उपाय वाळूच्याच कुळातील पदार्थाने दिला. तापल्यावर बहुतेक पदार्थ मऊ होतात, परंतु सिलिकॉन डायऑक्साइडचा काचरूप थर तापल्यावर किंचित ताठ होतो. स्फटिकावर असा थर पसरला की एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते. येथेही ॲल्युमिनियमची हलकी बोटे अपुरी पडली. त्यांची व सिलिकॉन डायऑक्साइडची घनता जवळजवळ सारखी असल्याने थराखाली दडलेली बोटे लाटेला जाणवेनाशी होतात आणि परावर्तन मिळत नाही. तांब्याची जड बोटे मात्र थराखालूनही आपले कार्य करतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमध्ये तांब्याची बोटे व त्यांवर सपाट केलेला सिलिकॉन डायऑक्साइडचा थर अशी रचना मोबाइलसाठी विकसित झाली. तांबे विजेचे उत्तम वाहक आहे, आणि सततच्या कंपनाने धातूचे कण जागचे हलण्याचा धोकाही त्यात ॲल्युमिनियमपेक्षा कमी असतो. या दुहेरी लाभामुळे ही रचना रूढ झाली.

या मार्गालाही मर्यादा आहेत. बोटांच्या जाडीत थोडासा फरक पडला तरी कंप्रता बदलते, त्यामुळे निर्मितीत फार काटेकोरपणा राखावा लागतो. तरंग मंद केल्याने बोटे अधिकच अरुंद करावी लागतात. म्हणून सुमारे ३ गिगाहर्ट्झच्या वर स्फटिकाच्या पोटातील तरंगांवर चालणाऱ्या गाळण्यांना अनेकदा पसंती दिली जाते.

पृष्ठाशी बांधलेल्या आडव्या तरंगाचा आणखी एक उपयोग आहे. रॅले-तरंगात पृष्ठ वर-खाली होते. त्यावर पाणी आले की तरंगाची ऊर्जा पाण्यात निघून जाते. लव्ह-तरंगात पृष्ठ केवळ आडवे सरकते, त्यामुळे पाण्याखालीही तो टिकतो. पृष्ठावर एखाद्या द्रव्याचे रेणू चिकटले की वजन वाढते व तरंग मंदावतो. त्यावरून द्रवातील सूक्ष्म घटक ओळखणारी उपकरणे तयार करण्यात आली आहेत. अँटेना जोडलेला स्फटिक विजेरीशिवाय रेडिओसंदेशाला उत्तर देऊ शकतो. फिरत्या यंत्रांचे किंवा उच्च दाबाच्या विद्युत उपकरणांचे तापमान दुरून मोजण्यासाठी तो उपयोगी पडतो.

देशापुढील काम

भारतात या विषयाचा अभ्यास नवा नाही. दिल्ली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी यांनी पृष्ठध्वनितरंगांच्या साधनांवर काम केलेले आहे. तथापि, मोबाइलला लागणाऱ्या गाळण्यांच्या जागतिक उत्पादनाचा मोठा वाटा जपान व अमेरिका येथील मोजक्या कंपन्यांकडे आहे. एका आधुनिक मोबाइलमध्ये अशा कितीतरी गाळण्या लागतात. मोबाइलची जुळणी देशात होणे ही पहिली पायरी आहे. स्फटिक वाढविणे, तो योग्य कोनात कापणे आणि त्यावर अचूक जाडीची बोटे उमटविणे ही पुढची व अधिक अवघड पायरी आहे. त्यासाठी लागणारे मनुष्यबळ शाळा-महाविद्यालयांतूनच तयार व्हावयाचे आहे.

या विषयाचे मूलतत्त्व शाळेतही दाखविता येते. एक हलकी दोरी व एक जड दोर एकमेकांना गाठीने जोडून दोन विद्यार्थ्यांनी ती ताणून धरावी. हलक्या दोरीला झटका दिला की लाट वेगाने गाठीपर्यंत जाते. तेथे तिचा एक भाग मागे परततो आणि उरलेला भाग जड दोरातून मंद गतीने पुढे जातो. वजनाने लाट मंदावते व परततेही, ही दोन्ही तत्त्वे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. मोबाइलमधील तांब्याची बोटे सेकंदाला कोट्यवधी वेळा तेच काम करीत असतात, एवढे त्याला सांगितले की पुरे.